मोठ्या माणसांची लाळेरी: विकत घेतलेली आणि शेवटी घरी शिवलेली

ज्यांच्या घरात पार्किन्सन्सचं, अर्धांगवायूचं किंवा सेरेब्रल पाल्सीचं माणूस आहे आणि ज्यांना दिवसातून दोन-तीनदा त्याचा ओला झालेला सदरा बदलावा लागतो, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. मोठ्यांसाठीची लाळेरी हल्ली ऑनलाइन ढिगाने मिळतात. सगळ्यांच्या चित्राखाली ‘झटकन शोषून घेणारं’, ‘आतून कोरडं’ असंच लिहिलेलं असतं आणि बहुतेकांना चार-साडेचार तारे असतात. खाली अभिप्राय वाचत गेलं की कळतं, लोकांनी तारे दिलेत ते पार्सल उघडलं त्याच दिवशी. लाळेऱ्याचा कस लागतो तो महिनाभर धुतल्यावर. आणि त्याहून मोठी परीक्षा म्हणजे ते घालून माणूस चारचौघांत जाऊन बसतो का. या दोन कसोट्या धरूनच मी लिहिणार आहे.

मी साताऱ्यात बरीच वर्षं शिवणवर्ग चालवत होते, त्यामुळे कापडाची वस्तू हातात आली की माझं लक्ष आधी टीप आणि अस्तराकडे जातं. यांची नोकरी पोस्टात झाली. आता आम्ही पुण्यात लेकाकडे असतो. यांना पार्किन्सन्स आहे. हात थरथरतो, पाऊल अडखळतं, मोत्यासारखं अक्षर होतं ते मुंगीएवढं बारीक झालंय. हे सगळं यांनी सोसलं. लाळ गळायला लागली तेव्हा मात्र यांनी संध्याकाळी कट्ट्यावर जाणं बंद केलं. ‘बोलता बोलता ओघळ येतो, समोरचा तिकडे बघतो आणि मग माझं बोलणं त्याच्या कानावर पडतच नाही,’ असं म्हणाले. खिशात रुमाल असायचा, पण थरथरणारा हात तो काढून हनुवटीपर्यंत नेईतो ओघळ कॉलरवर गेलेला असायचा. जन्मभर इस्त्रीची कॉलर घातलेल्या माणसाला ती ओली कॉलर किती लागत असेल!

इथे एक गोष्ट आधी सांगते, कारण ती कळल्याशिवाय खरेदीच चुकते. पार्किन्सन्समध्ये लाळ जास्त तयार होते म्हणून गळते, असं नाही. निरोगी माणसाच्या तोंडातही दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. कानाखाली, जबड्याखाली आणि जिभेखाली अशा मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या हे काम करतात. आपण जागेपणी नकळत सारखा आवंढा गिळत असतो, म्हणून ती लाळ आपल्याला जाणवत नाही. पार्किन्सन्समध्ये पापण्या मिटणं, चालताना हात हलणं अशा आपसूक होणाऱ्या हालचाली जशा मंदावतात, तसं हे गिळणंही मंदावतं. चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, ओठ नीट मिटत नाहीत, मान पुढे झुकते. मग लाळ तोंडात साठते आणि वाट मिळेल तिथून बाहेर येते. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ साली या आजारावर जो निबंध लिहिला, त्यात रोग्याच्या तोंडातून सतत गळणाऱ्या लाळेची नोंद आहे. म्हणजे हे लक्षण आजाराच्या पहिल्या वर्णनापासूनचं आहे. तरीही तपासणीच्या वेळी बरेच जण ते सांगतच नाहीत. थरथर सांगतात, तोल जाणं सांगतात, लाळेचं सांगायला लाजतात.

यातून लाळेऱ्याबद्दल दोन गोष्टी निघतात. पार्किन्सन्समध्ये लाळ बहुधा एकाच बाजूने जास्त ओघळते, ज्या बाजूला तोंडाचा कोपरा सैल किंवा मान कललेली असेल तिकडून. आणि मान पुढे झुकलेली असल्यामुळे ओघळ छातीच्या मध्यावर पडण्याआधी हनुवटीवरून गळ्याकडे आत वळतो. त्यामुळे लाळेरं छातीवर कितीही मोठं असलं तरी गळ्याशी सैल असेल तर सदरा भिजणारच.

नेमका हाच दोष सर्जिकल दुकानात मिळणाऱ्या लाळेऱ्यांत असतो. आम्ही आधी तीच आणली. पांढरं टर्किश कापड, मागे प्लॅस्टिकचा थर, मानेमागे वेल्क्रो, लांबी थेट मांडीपर्यंत. जेवताना बरं पडतं, वरण-भाताचा घास सांडला तरी लेंगा वाचतो. पण गळ्याचा आकार एवढा मोठा आणि गोल की हनुवटी आणि कापडाच्या मध्ये चार बोटं जातील. लाळ त्या फटीतून आत. वेल्क्रोचं दुखणं वेगळंच. त्याचा खरखरीत भाग मानेमागच्या केसांत अडकतो, धुताना दुसऱ्या कपड्यांना चिकटून त्यांचे धागे ओढतो आणि काही धुण्यांनंतर त्यात एवढी कापसाची लव बसते की तो धरतच नाही. मी सुई घेऊन ती लव काढत बसायची. मशीनमध्ये टाकण्याआधी वेल्क्रो बंद करून टाकला तर हे थोडं लांबतं, थांबत नाही. मागचं प्लॅस्टिक उन्हात वाळवून वाळवून कडक झालं, हललं की चुरचुर वाजायला लागलं आणि घडीवर तडकलं. एकाची किंमत साडेतीनशेच्या आसपास होती. त्या पैशांत ही शिवण महाग आहे.

आणि ते घालून हे बाल्कनीतसुद्धा बसले नाहीत. मला त्यांना आग्रह करवला नाही.

ज्या दुकानातून ते घेतलं तिथला अनुभवही सांगायला हवा. हे माझ्या शेजारी उभे होते. काउंटरवरच्या मुलाने सगळे प्रश्न मला विचारले. ‘आजोबांना कळतं का? स्वतः जेवतात का?’ तेही मोठ्या आवाजात. हे शांतपणे म्हणाले, ‘मला कळतं, माप माझं घ्या.’ असल्या वस्तू विकणाऱ्याने एवढं शिकायलाच हवं. लाळ गळते म्हणून बुद्धी गेली, असा समज आपल्याकडे फार घट्ट आहे आणि तो अशा माणसांना आजारापेक्षा जास्त एकटं पाडतो.

सिलिकॉनची, खाली पन्हळ असलेली लाळेरी आता मोठ्यांच्या मापातही मिळतात. ती फक्त जेवणासाठी. सिलिकॉन काही शोषत नाही, लाळ त्यावरून घसरून पन्हळीत साठते आणि माणूस वाकला की मांडीवर येते. वजन मानेवर येतं, हळदीचा पिवळा डाग जात नाही. कागद-प्लॅस्टिकची, वापरून टाकायची मिळतात ती दवाखान्याच्या दिवशी किंवा गाडीच्या प्रवासात पिशवीत असावीत. रोजच्यासाठी ती परवडतही नाहीत आणि उकडतातही.

खरी उपयोगाची ठरली ती गळ्यात रुमाल बांधल्यासारखी दिसणारी तिकोनी लाळेरी. लहान बाळांसाठी ही बरीच वर्षं मिळतात, आता मोठ्यांच्या मापातही येतात. यांत तीन थर असतात. वर सुती होजिअरी, मध्ये शोषणारं जाड कापड आणि खाली एक पातळ, मऊ, पाणी न झिरपू देणारा थर. या खालच्या थराला धंद्यात ‘पीयूएल’ म्हणतात. विणलेल्या कापडावर पॉलियुरेथेनचा पापुद्रा चिकटवलेला असतो. तो साध्या प्लॅस्टिकसारखा वाजत नाही, वाफ थोडीफार बाहेर जाऊ देतो आणि धुतल्यावर मऊच राहतो. बाळांच्या कापडी डायपरमध्ये हाच असतो.

पण तीन थर म्हणून सगळी सारखी नसतात. फरक टिपेत आहे. काही कंपन्या थर सरकू नयेत म्हणून मधोमध आडव्या-उभ्या टिपा मारतात. दिसायला गोधडीसारखं छान दिसतं. पण प्रत्येक टिपेबरोबर सुई खालच्या थरातूनही जाते आणि तेवढी भोकं पडतात. मी घरी साधी तपासणी केली. लाळेरं पाटावर पसरलं, खाली टिपकागद ठेवला, वर चमच्याने थोडं थोडं पाणी सोडलं आणि तळहाताने दाबलं. मधोमध टिपा असलेल्या लाळेऱ्याखालच्या कागदावर टिपांच्या रेषेत ठिपक्यांची ओळ उमटली, अगदी शिवणमशीनवर दोरा न घालता कागद चालवल्यासारखी. ज्याचा खालचा थर फक्त कडेला शिवला होता, त्याच्याखालचा कागद कोरडा राहिला. तेव्हा घेताना उलटं करून बघा. मागच्या बाजूला मध्ये टीप दिसली की ठेवून द्या.

याच तपासणीत आणखी एक गोष्ट दिसते. वरचं कापड पॉलिस्टरमिश्रित असेल तर थेंब क्षणभर वरच थांबतो, घरंगळतो आणि कडेने खाली पडतो. सुती असेल तर पडल्या जागी आत जातो. लाळ पाण्यापेक्षा चिकट असते, त्यामुळे खऱ्या वापरात हा फरक जास्तच जाणवतो. एक मात्र आहे, नवीन सुती कापड पहिल्या दिवशी कमीच शोषतं. त्याच्यावरची खळ आणि कापसाचा मूळचा मेणचटपणा दोन-चार धुण्यांत जातो. म्हणून पहिल्या दिवशीच नाव ठेवू नका.

मधल्या थरात बहुतेक ठिकाणी मायक्रोफायबर असतं. ते पटकन शोषतं पण दाबलं की सोडतं. हे खुर्चीत पुढे वाकून बसले की छातीशी कापड दाबलं जातं आणि वरून पुन्हा ओलसर लागतं. बांबूच्या रेयॉनचं असेल तर हळू शोषतं, पण धरून ठेवतं. किंमत थोडी जास्त पडते. ती देण्यासारखी आहे.

बंद करायचं कशाने, याचा विचार विकणारे फारसा करत नाहीत. टिचबटण वेल्क्रोपेक्षा कितीतरी चांगलं, धुण्यात टिकतं, केसांत अडकत नाही. पण ते मानेमागे असतं आणि पार्किन्सन्सच्या बोटांना मानेमागे टिचबटण लावणं शक्य नसतं. म्हणजे दर वेळी दुसऱ्याला हाक मारायची. यांना तेच नको असतं. काही परदेशी बनावटीच्या लाळेऱ्यांत लोहचुंबकाची बटणं येतात, लावायला सोपी. पण ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे किंवा ज्यांची मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रिया होऊन छातीशी बॅटरी बसवली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहचुंबक गळ्याशी आणू नये. आम्हाला सोयीचं पडलं ते डोक्यातून घालायचं, मागे रुंद इलॅस्टिक असलेलं. हे ते स्वतः घालतात, स्वतः काढून बादलीत टाकतात. रंग गडद निळा घेतला. फिक्या करड्या रंगावर ओला डाग लांबून दिसतो, गडद निळ्या-काळ्यावर आणि चौकटीच्या कापडावर दिसत नाही.

तिकोनी लाळेरं घालून हे पहिल्यांदा सोसायटीच्या बागेत आले. थंडीत तर ते मफलरसारखंच दिसतं. पण उन्हाळ्यात, सुती सदऱ्यावर गळ्यात रुमाल बांधलेला माणूस सत्तरीला विचित्रच दिसतो, आणि यांना तो खटकायचा. म्हणून मी मशीन काढलं.

यांचे जुने शर्ट होते, कॉलर विरलेले, पण छातीचं कापड चांगलं असलेले. त्यांचा पुढचा भाग मी कापून घेतला. कॉलर उसवून उलटी करून परत लावली, म्हणजे विरलेली बाजू आत गेली. पुढची बटणपट्टी बटणांसकट तशीच ठेवून मधून शिवून बंद केली. लांबी छातीच्या खालपर्यंत, शर्टाच्या तिसऱ्या-चौथ्या बटणाएवढी. मागे फक्त कॉलरची पट्टी आणि तिथे इलॅस्टिक. हे शर्टाच्या वर घातलं आणि वरून अर्धं जाकीट चढवलं की आत शर्टच आहे असं वाटतं. मधल्या थराला मी सोलापुरी टेरी टॉवेल वापरला. सोलापूरच्या चादरीसारखंच तिथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचं कारण हाताला कळतं, फासे दाट असतात, धुऊन धुऊन विरत नाहीत. जाड टॉवेल मात्र घेऊ नका. हनुवटीखाली गठ्ठा होतो आणि पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही. पंचासारखा पातळ, अंग पुसायचा घ्या आणि जिकडून ओघळतं त्या बाजूला एक थर जास्त द्या. यांची उजवी बाजू आहे, म्हणून उजव्या कॉलरच्या टोकाखाली मी दुहेरी कापड घातलंय. बाजारात असं एका बाजूला जाड असलेलं लाळेरं मला कुठेही दिसलं नाही आणि खरी गरज त्याचीच आहे.

खालच्या थरासाठी रविवार पेठेत, बोहरी आळीत हिंडले. रेनकोटचं कापड लगेच मिळतं, पण त्याने छातीला घाम येतो. पीयूएल सुट्या मापात दुकानात मिळेना, ते ऑनलाइन मीटरवर मागवलं. शिवताना टाचण्या फक्त कडेच्या शिवणीत लावायच्या, मध्ये टोचलेली प्रत्येक टाचणी म्हणजे एक भोक. टीप लांब ठेवायची आणि कड दुमडून, शिवणीची बाजू वर येईल अशी ठेवायची.

हे लाळेरं यांनी स्वतः कपाटातून मागून घेतलं. कट्ट्यावर गेले. नातू म्हणाला, ‘आजोबा, आज ऑफिसला निघालात का?’ हे खूश झाले. मित्रांपैकी कुणाच्या लक्षात आलं असेल-नसेल, पण गप्पा झाल्या, निवडणुकीवरून वादही झाला. घरी आले तेव्हा लाळेरं चिंब होतं आणि शर्ट कोरडा होता.

धुण्याबद्दल थोडं. दिवसाला पाच-सहा तरी लागतात, म्हणजे पावसाळा धरला तर हाताशी दीड-दोन डझन हवीत. एक-दोन घेऊन भागत नाही, हा हिशोब घेतानाच करा. काढलं की गार पाण्यात टाकायचं. तशीच गोळा करून ठेवली तर वास बसतो आणि मग तो जात नाही. कपडे मऊ करणारं कंडिशनर अजिबात घालू नका, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि टॉवेल पाणी पिणं सोडतो. पीयूएलवर गरम इस्त्री फिरवू नका. मी कॉलरला तेवढी इस्त्री करते, खालचा थर बाजूला धरून.

त्वचेचंही बघायला हवं. लाळेत पिष्ट पचवणारं पाचकद्रव्य असतं, ओल सतत राहिली की तोंडाच्या कोपऱ्याशी आणि हनुवटीखाली कातडी लाल होते, चिरते, कधी बुरशीही धरते. पुसायचं तर मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही. रात्री धुऊन, कोरडं करून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवायचा. जाड लावलं तर ते लाळेऱ्याच्या कापडाला लागतं आणि त्या जागी कापड शोषत नाही. कोपऱ्याला पांढरट चिरा दिसल्या तर घरी काही करत न बसता डॉक्टरांना दाखवायचं.

कापडाएवढंच महत्त्वाचं म्हणजे वाचा-उपचारतज्ज्ञ. लोकांना वाटतं हे फक्त बोलायला शिकवतात. गिळण्याचं तपासणं हेही त्यांचंच काम. न्यूरॉलॉजिस्टनी चिठ्ठी दिली म्हणून आम्ही गेलो आणि ती सेवा मला कोणत्याही लाळेऱ्यापेक्षा मोलाची वाटली. तिथल्या बाईंनी यांना पाणी प्यायला दिलं, गळ्यावर बोटं ठेवून आवंढा बघितला, प्यायल्यावर ‘आऽऽ’ म्हणायला सांगून आवाज ऐकला. पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा, ओलसर येत असेल, जेवताना ठसका लागत असेल किंवा अधूनमधून कारण नसताना ताप-खोकला येत असेल, तर लाळ आणि अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता असते. त्यातून न्यूमोनिया होतो. पार्किन्सन्सच्या रुग्णांचे जीव जाण्याचं हे एक मोठं कारण आहे. हे ठसके कित्येकदा लागतही नाहीत, गुपचूप आत जातं. म्हणून ज्यांची लाळ नव्याने गळायला लागली आहे, त्यांनी लाळेरं मागवायच्या आधी ही तपासणी करून घ्यावी, असं मी हात जोडून सांगेन.

त्या बाईंनी शिकवलेलं साधं आहे. बसताना पाठीला उशी देऊन मान वर आणायची. बोलायला सुरुवात करण्याआधी ओठ मिटून एक आवंढा गिळायचा, मग बोलायचं. खुर्चीतून उठण्याआधी एक गिळायचा. हे आपोआप होणारं काम आता आठवणीने करायचं असतं, म्हणून लेकाने यांच्या मनगटी घड्याळात ठरावीक वेळाने थरथरणारा गजर लावून दिलाय. घड्याळ थरथरलं की आवंढा. ज्यांना ठसका लागत नाही त्यांना बिनसाखरेचं च्युइंगम चघळायला देतात, चघळताना गिळणं आपोआप वाढतं. ठसका लागणाऱ्यांनी मात्र ते विचारल्याशिवाय तोंडात घेऊ नये. पहिल्या भेटीत खूप काही बदललं नाही, पण रोज केल्यावर यांचं बोलणं स्वच्छ झालं आणि लाळेरी कमी लागायला लागली.

गोळीची वेळही बघा. लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाचा, असर उतरला की लाळ जास्त गळते, हे आम्ही वहीत लिहून पाहिलं तेव्हा ध्यानात आलं. ती वही बघून डॉक्टरांनी वेळा बदलून दिल्या. भरपूर प्रथिनांच्या जेवणाबरोबर घेतली तर ही गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून आता ती जेवणाआधी अर्धा तास होते, डाळ-उसळ त्यानंतर.

लाळ सुकवणारी औषधंही आहेत. ग्लायकोपायरोलेट, ट्रायहेक्सिफेनिडिल अशी नावं तुमच्या कानावर येतील. या औषधांनी तोंड सुकतं तसं बद्धकोष्ठ होतं, लघवी अडते, आणि वयस्क माणसाला विसराळूपणा, भ्रम होऊ शकतो, विशेषतः ट्रायहेक्सिफेनिडिलने. यांना प्रोस्टेटचा त्रास आहे म्हणून डॉक्टरांनीच ती दिली नाहीत. दुसरा उपाय बोटुलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनचा. ते थेट लाळग्रंथींत देतात, सोनोग्राफीत बघून दिलं तर नेमकं जातं, असर साधारण तीन-चार महिने टिकतो. खर्च बराच आहे आणि लाळ घट्ट होणं किंवा गिळायला आणखी त्रास होणं असंही होऊ शकतं. आम्ही सध्या ते घेतलेलं नाही. ज्यांची कातडी फुटतेय किंवा ज्यांना दिवसभर काम, माणसं सांभाळायची आहेत, त्यांनी डॉक्टरांशी जरूर बोलावं. शेजारच्या कुणी खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण सुचवलं तर एक लक्षात असू द्या. त्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, त्यामुळे चालू गोळीवर ते मनाने घेतलं तर मात्रा दुप्पट होऊ शकते.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, त्यांच्या सभांना जमेल तसं जा. तिथे कुणाच्या गळ्यात नॅपकिन असतो, कुणी बोलताना मध्येच थांबून आवंढा गिळतं आणि बाकीचे तेवढं थांबतात. यांना तिथे जाताना लाळेऱ्याची काळजी नसते. मला शर्टाच्या लाळेऱ्याबद्दल तिथेच बायकांनी विचारलं, म्हणून माप लिहून देते.

घरी शिवणाऱ्याला किंवा शिंप्याला सांगताना शर्टाच्या कॉलरचं माप देऊ नका, ते सैल पडतं. माणसाला नेहमी बसतात तसं खुर्चीत बसवा, मान जेवढी झुकते तेवढी झुकू द्या आणि गळ्याच्या घाटीपासून टेप फिरवून एक बोट आत जाईल एवढं माप घ्या. इलॅस्टिक त्या मापापेक्षा दोन इंच कमी, पण डोकं सहज जाईल इतकं ताणणारं, इंचभर रुंद. ते धुण्याने सैल पडतं, म्हणून शिवून न टाकता दोन्ही टोकांना बटणाने लावा, बदलता येतं. लांबी हनुवटीच्या टोकापासून खाली अकरा-बारा इंच. जास्त ओघळणाऱ्या बाजूला खडूने खूण करून द्या आणि ती बाजू घालणाऱ्याची उजवी की समोरून दिसणारी उजवी, हे कागदावर लिहूनच द्या. दुसऱ्याकडून शिवून घेताना यातच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.